माजी सैनिकांची औषधाची पिशवी

आपल्या सातारा भागात फौजेतून आलेली माणसं गावोगाव आहेत. एका गावाचं तर नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडलं आहे. २००३ सालापासून ‘ईसीएचएस’ योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून त्यांना उपचार व औषधे मिळतात. पण औषध मिळणं वेगळं आणि ते मानवणं वेगळं.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत यासाठी क्लिनिकल फार्मासिस्ट असतात. ते गोळ्या देऊन मोकळे होत नाहीत. चालू असलेली सगळी औषधे तपासतात, दिलेल्या अधिकारात मात्रा कमी-जास्त करतात. आपल्याकडे या कामाचा सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ अभ्यासक्रम २००८ साली आला.

म्हाताऱ्या सैनिकाच्या पिशवीत काय सापडतं? एकच औषध दोन नावांनी. ब्लडप्रेशरच्या व लघवीच्या गोळीबरोबर गुडघेदुखीची गोळी रोज चालू. मार बसतो मूत्रपिंडाला. झोपेच्या गोळीनं रात्री उठताना तोल जातो, खुबा मोडतो. शुगरच्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकलं, की दरदरून घाम आणि चक्कर.

शिपाईगडी तक्रार करीत नाही, हीच खरी अडचण. तेव्हा घरच्यांनी पुढच्या खेपेला सगळ्या गोळ्या, चूर्ण-काढेसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टर व फार्मासिस्टपुढे ठेवावेत. मनानं मात्र एकही गोळी बंद करू नये.