गोळी किती वाजता दिली होती?

एडीएचडीचं औषध सुरू झालेलं पाच वर्षांचं मूल संध्याकाळी चपलेचा बंद निघत नाही एवढ्या कारणावरून अर्धा तास आक्रोश करतं, तेव्हा घरात हमखास दोन मतं पडतात. औषधाने पोराचा स्वभाव बिघडवला, असं एकाला वाटतं. तो आधीपासूनच हट्टी आहे, असं दुसऱ्याला. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. अशा वेळी आधी घड्याळाकडे पाहावं. गोळी किती वाजता दिली होती आणि भडका किती वाजता उडाला, या दोन नोंदी हाताशी असतील तर पुष्कळ काही कळतं. नसतील तर डॉक्टरांनाही अंदाजावरच चालावं लागतं.

याचं कारण औषधाच्या चालीत आहे. आपल्याकडे एडीएचडीसाठी मुख्यतः मिथिलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही औषधं लिहून दिली जातात. मिथिलफेनिडेट मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचं पुन्हा शोषण होणं रोखतं, त्यामुळे ती पेशींमधल्या जागेत जास्त वेळ राहतात आणि लक्ष टिकतं. साध्या गोळीचा असर तीन-चार तासांचा असतो, हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा त्याहून बराच लांब. म्हणजे औषध दिवसातून चढतं आणि उतरतं, आणि मुलाचा मूड बिघडतो तो या चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर, यावर उपाय ठरतो. गोळीनंतर तासा-दोन तासांत, असर भरात असताना मूल मलूल, गप्प किंवा रडवेलं होत असेल, तर मात्रा त्याला जास्त होत असण्याची शंका घ्यावी. दिवस बरा जाऊन असर उतरताना किरकिर, आदळआपट सुरू होत असेल, तर तो उताराचा झटका. तिथे वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलून फरक पडू शकतो. त्याच सुमाराला भूकही जोडीला असते, कारण हे औषध भूक मारतं: डब्यातली पोळी-भाजी जशीच्या तशी परत येते आणि उपाशी पोर पाच वाजता घरात शिरतं. अशा वेळी जेवण थोडं अलीकडे ओढलं तरी पुष्कळदा संध्याकाळ निभते. चिडचिड दिवसभर सारखीच असेल, तर मात्र झोप, चिंता, घरातला ताण किंवा औषधाची निवडच तपासावी लागते. ॲटोमॉक्सेटिनचा असर दिवसभर राहतो, त्यामुळे तिथे घड्याळाची ही खूण तितकी उपयोगी नाही. पण त्या औषधाच्या माहितीपत्रकात मुलांमधल्या आत्मघाताच्या विचारांबद्दल ठळक इशारा असतो, म्हणून तिथे मनःस्थितीतला कोणताही मोठा बदल लगेच डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवा.

आणखी एक गोष्ट घरांतून फारशी बोलली जात नाही. सकाळची गोळी घेऊन मूल बालवाडीत जातं, असर भरात असतो तो तिथे. आईबाबांच्या वाट्याला येतं ते गोळी लागायच्या आधीचं किंवा उतरल्यानंतरचं मूल. म्हणून बाई म्हणतात, ‘आता छान बसतो’, आणि आई म्हणते, ‘घरी तर आणखीच बिघडलाय’. दोघीही खरंच सांगत असतात.

वय लहान असेल तर ही दक्षता अधिकच लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या निधीतून झालेला, तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवरचा मिथिलफेनिडेटचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषधाआधी पालकांना दहा आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. औषधाचा उपयोग दिसला, पण शाळकरी मुलांइतका नाही. सुमारे ३० टक्के पालकांनी मध्यम ते तीव्र त्रास नोंदवले. भावनांचे उद्रेक, झोप न लागणं, भूक मंदावणं हे त्यातले ठळक. सुमारे ११ टक्के मुलांचं औषध त्रासामुळे थांबवावं लागलं. इतक्या लहान शरीरातून हे औषध बाहेर पडायला तुलनेने वेळ लागतो, हेही त्या अभ्यासात दिसलं.

मग इतक्या लहानांना औषध द्यावंच कशाला, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक सूचना चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी पालकांचं वर्तन-प्रशिक्षण सांगते. ते पुरेसं ठरलं नाही तरच मिथिलफेनिडेट. प्रत्यक्षात काय घडतं ते क्लेशदायक आहे: तिथल्याच २०२५ मधल्या एका मोठ्या पाहणीत, निदान झालेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांना महिन्याभराच्या आत औषध सुरू झालं होतं. तरीही मी औषधाला सरसकट नकार देणार नाही. हात सोडवून थेट रस्त्यावर धावणारं, दोन बालवाड्यांनी परत पाठवलेलं मूल सहा वर्षांचं होण्याची वाट पाहत बसणं, यातही त्या मुलाचं नुकसान आहेच.

मूळचीच चिडचिड औषधाच्या माथी मारली जाते, असा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे. भावना आवरता न येणं हे एडीएचडीसोबत नेहमी दिसतं, आणि अनेक चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये झालेल्या विश्लेषणात मिथिलफेनिडेटने चिडचिडीचा धोका वाढल्याचं दिसलं नाही; अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या अँफेटामिन गटात मात्र तो वाढलेला दिसला. पण सरासरीवरून आपल्या घरातल्या मुलाचं काय होतंय ते कळत नाही. म्हणूनच औषध सुरू होण्याआधीचा एक आठवडा लिहून ठेवणं फार मोलाचं. आधी दिवसाला चार भडके होते आणि आता संध्याकाळी एकच होतो, हे वहीत दिसलं तर त्या एका भडक्याकडे बघण्याची नजर वेगळी होते.

या नोंदींचं ओझं शेवटी आईवरच पडतं, हे मला मान्य आहे, आणि ते वाटून घ्यायलाच हवं. दिवसाला चार ओळी, दोन-तीन आठवडे, एवढं पुरतं: गोळीची वेळ, जेवण, झोप, रडारड. दुपारची एक ओळ बाईंकडून घ्यावी. वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. आपल्या मनाने गोळी अर्धी करणं किंवा एक दिवस देऊन दोन दिवस बंद ठेवणं टाळावं, कारण त्याने नोंदींचा अर्थच लागेनासा होतो. आणि एक ओळ मुलाची असावी. चार वर्षांच्या मुलाला ‘उदास’ हा शब्द येत नसतो; ते म्हणतं, ‘पोटात कसंतरी होतंय’, ‘मला खेळायचंच नाही’. ते जसं म्हणालं तसंच लिहावं, आणि शेजारी वेळ.