गाभा जपला, तर गुच्छ जमला

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास महाराष्ट्रातून दक्षिणेकडे, नरतुरंग तारकासमूहात एक धूसर ठिपका दिसतो. तो ओमेगा सेंटॉरी : सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूरचा, जवळपास १ कोटी ताऱ्यांचा गोलाकार तारकागुच्छ.

त्याचा फोटो काढताना पंचाईत होते. एक्स्पोजर वाढवले तर गाभा पांढराफटक पडतो. कमी ठेवले तर कडेचे मंद तारे हरवतात. म्हणून दोन्ही प्रकारचे फोटो काढून संगणकावर जुळवतात. एकाच एक्स्पोजरचे १०० फोटो एकावर एक रचून सरासरी काढली, की चित्रातला रवाळपणा साधारण दहापट घटतो. उजळपणा मात्र हलक्या हातानेच वाढवावा. तरच तांबूस राक्षसी तारे आणि निळसर तारे वेगळे ओळखू येतात. गाभ्यातले तारे सुटे दिसले, की फोटो जमला म्हणायचा.