पाळणाघरातील खेळांचा रोजमेळ

व्यापारी कुटुंबातील लहान मूल पूर्वी घराच्या ओट्यावर आणि दुकानाच्या गादीवर वाढत असे. आजीजवळ बसून डाळी निवडताना ते रंग ओळखी, तराजूशी खेळताना जड-हलके जाणे. आता एकत्र कुटुंबे विभागली आहेत, घरातील सुना व्यवसायाची जबाबदारी सांभाळू लागल्या आहेत आणि दोन-अडीच वर्षांची मुले दिवसाचे कित्येक तास पाळणाघरात राहतात. तेथील शुल्क, स्वच्छता आणि आहार यांची चौकशी पालक बारकाईने करतात. एवढा वेळ मूल तेथे काय करणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आणि विचारले तरी चौकशी ‘अक्षरे कधी शिकवणार?’ यापुढे सहसा जात नाही.

या वयात शिकण्याचे साधन खेळ हेच आहे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासमवेत कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाड येथे हे काम विस्तारले. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, शंख-शिंपले आणि माती वापरूनही बालशिक्षण उत्तम होते, हे या दोघींनी दाखवून दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे.

परंतु खेळ म्हणजे खेळण्यांची टोपली ओतून मुलांना सोडून देणे नव्हे. दुकानाचा दिवस जसा आखलेला असतो, तसा पाळणाघराचाही असावा लागतो. आल्यावर पहिला अर्धा तास मुलाने आपल्या मनाचा खेळ निवडावा. घरापासून दूर होण्याची हुरहुर त्यात ओसरते. मग सर्वांनी गोलात बसून गप्पा आणि बडबडगीते, त्यानंतर उघड्यावर धावणे, चढणे, चेंडू फेकणे. हातपाय धुऊन खाऊ झाला की लहान गटांत हातांची कामे, मग गोष्ट, जेवण आणि विश्रांती. दुपारी उठल्यावर ठोकळे, चित्रे किंवा भातुकली. धावपळीनंतर शांत खेळ आणि ताईंनी सुचविलेल्या खेळानंतर मुलाने निवडलेला खेळ, हे या आखणीचे सूत्र होय. क्रम मात्र रोज तोच राहावा. दोन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही; खाऊनंतर गोष्ट आणि संध्याकाळच्या खेळानंतर आई, एवढे त्याला नेमके कळते आणि त्या खात्रीवर त्याचा दिवस निर्धास्त जातो.

प्रत्येक खेळापूर्वी ताईंनी वहीत पाच गोष्टी लिहाव्यात : हेतू, साहित्य, जागा, वेळ आणि पर्याय. ‘दुकान-दुकान’ या खेळाचेच पाहा. साहित्य म्हणजे रिकामे डबे, तागडी, बटाटे, लिंबे आणि कागदाच्या नोटा. चार वर्षांचे मूल ‘तीन लिंबे द्या’ म्हणते आणि दुसरे एकेक लिंबू मोजून देते, तेव्हा संख्या त्याच्या हाताला कळते. तागडी खाली गेली की वजनाचा अर्थ दिसतो. गिऱ्हाईक दोन असतील, तर वाट पाहावी लागते. भाव ठरवताना भाषा खुलते. त्याच खेळात अडीच वर्षांचे मूल केवळ बटाटे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकील. त्याच्या वयाला तेही पुरेसे काम आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, मणी, बटणे अशा बारीक वस्तू मात्र देऊ नयेत. त्या घशात अडकण्याचा धोका असतो. पावसामुळे अंगणातला खेळ राहिला, तर त्या दिवशी खोलीत उड्या, दोरीवरून चालणे किंवा उशांचा डोंगर चढणे, हा पर्याय आधीच लिहिलेला असावा.

दिवस संपताना दोन-चार ओळींची नोंद आवश्यक आहे : कोण रमले, कोण बाजूला राहिले, कोणता खेळ लांबला, कोणता फसला. रोजमेळ जुळला नाही, तर व्यापारी नोंदी तपासतो. तसेच मूल खेळात रमले नाही, तर दोष मुलाला न देता प्रथम आखणी तपासावी. खेळ अवघड होता की फार सोपा, जागा अपुरी होती की मूल भुकेले होते, हे पाहून उद्याचे पान लिहावे.

या व्यवस्थेला खरा धोका आहे तो पालकांच्या घाईचा. शेजारच्या मुलाची वही अक्षरांनी भरलेली दिसली की तीच मागणी पाळणाघराकडे जाते आणि शुल्क देणाऱ्याचे म्हणणे संचालकांना मोडवत नाही. मग तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल येते आणि मातीचा गोळा जातो. वास्तविक त्या वयात बोटांचे व मनगटाचे स्नायू लेखनास तयार झालेले नसतात. माती मळणे, कागद फाडणे, मोठे मणी ओवणे यांतूनच ती पकड घडते. लेखन लवकर लादल्याने पुढचे काम सोपे होत नाही. मुलाला त्याचा कंटाळा मात्र लवकर येऊ शकतो.

म्हणून पाळणाघर निवडताना पालकांनी भिंतीवरील चित्रांपेक्षा ताईंची वही पाहण्यास मागावी. उद्याची आखणी आणि गेल्या महिन्याच्या नोंदी तीत असतील, तर मूल योग्य हाती आहे असे मानण्यास आधार मिळतो. आखणीला लागणारे साहित्यही बहुधा आपल्याच दुकानात पडून असते. पुठ्ठ्याची खोकी, कापडाचे तुकडे, जुनी पावतीपुस्तके, सुतळी आणि रिकामे डबे रद्दीत देण्याआधी महिन्यातून एकदा पाळणाघरात पोहोचवावेत. एका खोक्यात मूल घर पाहते, आगगाडी पाहते, कधी दुकानही मांडते.