चोराची सही
(नक्कल आणि नामना : लेखांक 7)

गेल्या खेपेस आपण, इंटरनेटवरून फायलींची आपसांत देवघेव घडविणाऱ्या टोरंट संकेतस्थळाच्या चालकांना दोषी ठरविणाऱ्या स्टॉकहोमच्या निकालापाशी थांबलो होतो आणि त्या तीन कोटी क्रोनरांच्या भरपाईची चिकित्सा आज करावयाची, असा शब्दही मी दिला होता. परंतु साताऱ्याच्या एका वाचकांनी मध्येच असा रोखठोक प्रश्न पाठविला आहे की, त्याला बगल देऊन पुढे जाणे प्रशस्त वाटत नाही. ज्या पोरांना या उद्योगातून दमडीची प्राप्ती नव्हती, ती रात्ररात्र जागून संगणकी खेळांची कुलुपे फोडीत होती ती कशासाठी, असे ते विचारतात.

उत्तर शोधावयाचे तर टोरंट जन्मण्यापूर्वीच्या उत्तर युरोपात, 1980 नंतरच्या दशकात जावे लागते. अवघ्या 64 किलोबाइट स्मृतीचा कमोडोर 64 हा घरगुती संगणक तेव्हा घरोघरी पोहोचला होता. खेळाची नक्कल होऊ नये म्हणून कंपन्यांनी केलेला बंदोबस्त मोडणारी शाळकरी मुले टोळ्या करीत, टोपणनावे घेत, आणि खरी मौज ही की, फोडलेल्या मालावर बिनदिक्कत आपली मोहर उठवीत. खेळ सुरू होण्यापूर्वी टोळीचे नाव पडद्यावर ठसठशीत झळके, मागे रंगांचे पट्टे हेलकावत, तीन आवाजांची ध्वनिचिप एखादी चढी चाल वाजवी, आणि तळाशी एक ओळ सरकत राही : अमक्या मित्रटोळीस नमस्कार, तमकी टोळी या वेळीही मागे पडली, हा खेळ प्रथम फोडला तो आम्हीच, आणि कधीकधी फ्लॉप्यांच्या देवघेवीसाठी टपालपेटीचा क्रमांकसुद्धा! चोरानेच मुद्देमालावर सही करून वर पत्ताही द्यावा, असा हा अजब मामला होता.

फ्लॉप्या टपालाने जात; तिकिटांवर डिंकाचा पातळ हात फिरविलेला असे, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येई, आणि सोबतच्या चिठ्ठीत तिकिटे परत धाडण्याची आठवण असे. खेळ मात्र सर्वांआधी पोहोचवावा लागे, कारण दुसऱ्या क्रमांकाला काडीची किंमत नव्हती. वर्गात ज्याची कोणी दखल घेत नसे, त्याचे टोपणनाव परमुलखातील अनोळखी समवयस्क आदराने घेत. नॉर्वेच्या रेझर 1911 किंवा स्वीडनच्या फेअरलाइट या टोळीत प्रवेश मिळणे ही तर मोठीच प्रतिष्ठा. यात खेळ रचणाऱ्याची मिळकत बुडाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या मुलांचा लोभ मालाचा नव्हता, नावाचा होता.

याचा पुरावा पुढच्या इतिहासातच आहे. ती सही हळूहळू मालापासून सुटली. खेळाविनाच केवळ चित्र, संगीत आणि गणिती करामत दाखविणारे 'डेमो' रचले जाऊ लागले, फिनलंडमध्ये 1992 पासून 'असेंब्ली' हा त्यांचा मेळा भरू लागला, त्याच वर्षी स्वीडनमधील 'द सायलेंट्स' या डेमोमंडळातील तरुणांनी 'डाइस' ही खेळांची कंपनी काढली, आणि 2020 साली तर फिनलंडने या कलेस आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय सूचीत स्थान दिले. फुकटचा माल हेच सर्वस्व असते, तर माल वजा झाल्यावर मागे काहीच उरले नसते.

स्टॉकहोमच्या न्यायालयाने हिशेब मांडला तो मालाचा. एप्रिल 2009 मध्ये शिक्षा फर्मावली गेली आणि जूनमध्ये फायलींच्या मुक्त देवघेवीची बाजू घेणाऱ्या स्वीडनच्या पायरेट पक्षाने युरोपीय निवडणुकीत सात टक्क्यांवर मते मिळविली. या दोन महिन्यांत तेथील तरुण पोरे त्या पक्षाकडे का धावली, ते भरपाईच्या आकड्यासह पुढील आठवड्यात पाहू.