चाकांवरील घरांतील दूरचित्रवाणी

अमेरिकेंत मोटारीमागें जोडून नेण्याच्या चाकांवरील घरास ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. तेथील वावटळींच्या मुलखांत अशा पातळ भिंतींच्या घरांत उतरलेल्या कुटुंबास स्थानिक केंद्राची वादळसूचना वेळेवर मिळणें अगत्याचें असतें. म्हणून चित्र नाहींसें झाल्यास दोष कोठें शोधावा, हें आम्ही येथें सांगतों.

छपरावरील अँटेनाच्या मुळाशीं बहुधा एक प्रवर्धक असतो. त्याची १२ व्होल्टांची वीज निराळ्या तारेनें जात नाहीं. ज्या केबलमधून चित्र खालीं येतें, तिच्यांतूनच ती वर चढते! ती सोडणारी कळ भिंतीवर असते. कळ बंद राहिली कीं अँटेना मुकी. तेव्हां वाचकहो, भिंत उकरण्यापूर्वीं त्या कळीचा बारीक दिवा पाहावा. दिवा लागला असूनही चित्र नसेल, तर केबलचें छपरावरील टोंक सोडून मधली तार व भोंवतालची जाळी यांमध्यें मीटर लावावा. कळीपाशीं वीज आहे आणि वर नाहीं, तर केबल किंवा तिचा सांधा बिघडला आहे. जाळीचा एखादा केस मधल्या तारेस टेकला तरी फ्यूज जातो.

उपग्रहाच्या तबकडीची गोष्ट वेगळी. तिला रिसीव्हरकडून १३ किंवा १८ व्होल्ट जातात. त्या वाटेंत अँटेनाची कळ नसावी, स्वतंत्र केबल असावी. तबकडीपुढें झाड आलें तर तारा निर्दोष असूनही चित्र जातें.

मुक्काम बदलल्यावर यंत्रास वाहिन्या पुन्हा शोधावयास लावाव्या लागतात. हें विसरून पुष्कळ जण बिचाऱ्या तारांनाच दोष देतात.