पेढीची पाटी आणि आपली लिपी

दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी असावी हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा. रंगारी सांगाल ते अक्षर काढून देतो. इंटरनेटवरील पाटीची, म्हणजे डोमेन नावाची, गोष्ट मात्र दीर्घकाळ निराळी होती. १९८३ च्या सुमारास ही नामव्यवस्था अमेरिकेत आखली गेली, तेव्हा रोमन वर्णमालेची २६ अक्षरे, दहा अंक आणि एक संयोगचिन्ह एवढीच सामग्री तिला पुरेशी वाटली. अरब, चिनी वा मराठी माणसाने आपले नाव परक्या अक्षरांत उतरवूनच तेथे जावे.

जगभर पसरलेली ती यंत्रणा मोडणे शक्य नव्हते. म्हणून २००३ साली एक तोड निघाली. नाव आपल्या लिपीत लिहावे आणि यंत्राने ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात पालटून पुढे धाडावे. या रूपास ‘प्युनिकोड’ म्हणतात. ‘भारत’ हे पद तेथे ‘एक्स एन’, दोन संयोगचिन्हे व पुढे ‘एच २ बी आर जे ९ सी’ असे होते. जुन्या पेढ्यांच्या तारेतील सांकेतिक शब्दांची ज्यांना आठवण असेल, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती यांची अरबी नावे मूळ यादीत आली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी ‘.भारत’ खुले झाले. त्यात हिंदीबरोबर मराठी व कोकणीही होती.

मराठीचा खरा अडसर मात्र वेगळाच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हिंदीला हा भेद ठाऊक नाही. हा अर्धा ‘र’ यंत्रात दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसरीत साध्या ‘र’च्या हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. २००३ च्या नियमांनी ते चिन्ह गाळण्याची आज्ञा केली. परिणामी दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा वाटेतच दर्या होई! व्यापारी बंधूंना हे विशेष बोचावे. ‘व्यापाऱ्यांचा’ या शब्दातच तो अर्धा ‘र’ बसला आहे. २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर ते चिन्ह मान्य केले, पण त्यातून नवी पंचाईत उद्भवली. डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे यंत्राच्या लेखी भिन्न ठरली.

अशा सारखेपणावर लबाडांची नजर असतेच. २०१७ साली एका संशोधकाने केवळ सिरिलिक लिपीतील अक्षरे जुळवून ‘ॲपल’चे हुबेहूब दिसणारे नाव नोंदविले आणि नामांकित ब्राउझरही त्याला फसले, हे दाखवून दिले.

तेव्हा देवनागरी नाव घेणाऱ्या पेढीने अर्ध्या ‘र’चे कोणते रूप नोंदले जाते, ते आधी विचारून घ्यावे आणि रोमन नावही सोडू नये. कारण देवनागरी ई-मेल पत्त्याला २०१२ पासून नियमांत जागा असली, तरी अनेक ठिकाणचे अर्ज तो अजूनही चुकीचा म्हणून परत करतात.