शाळेनंतरची शिकवणी आणि धर्मसंस्था : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या १९६५ सालच्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यात व्यापक फेरबदल करणाऱ्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ८ जानेवारी २००२ रोजी स्वाक्षरी केली. त्यातील एका तरतुदीने गरीब घरांतील मुलांना शाळा सुटल्यानंतर मोफत शिकवणी मिळण्याचा हक्क दिला. गरीब वस्त्यांतील शाळांना संघराज्य सरकारकडून जे अनुदान मिळते, त्याला कायद्याच्या संबंधित प्रकरणावरून ‘टायटल वन’ असे म्हणतात. हे अनुदान घेणारी शाळा वाचन व गणितातील ठरलेली वार्षिक प्रगती तीन वर्षे साधू शकली नाही, तर तेथील अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना ‘पूरक शैक्षणिक सेवा’, म्हणजे शाळेच्या वेळेबाहेरची शिकवणी, उपलब्ध करून देणे स्थानिक शाळा मंडळावर बंधनकारक होते. ही शिकवणी देण्यासाठी खासगी कंपन्या, विद्यापीठे व शाळा यांच्याबरोबरच वस्तीपातळीवरील लोकसंस्था आणि चर्च, मशीद, सिनेगॉग, मंदिर यांसारख्या धर्मसंस्थाही मान्यतेसाठी अर्ज करू शकत होत्या. या मान्यतेविषयी धर्मसंस्थांच्या बाजूने आणि त्यांच्या विरोधकांच्या बाजूनेही अनेक गैरसमज रूढ झाले. त्यांचा उलगडा करणे आजही उपयोगाचे आहे, कारण मूळ योजना संपली असली तरी तिच्यातून पुढे आलेले प्रश्न संपलेले नाहीत.

गैरसमज १ : धर्म आणि राज्यसंस्था यांची फारकत असल्यामुळे धर्मसंस्थेला सरकारी पैशातून शिकवणी चालवता येत नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई करते, परंतु सर्वांसाठी खुल्या असलेल्या सेवेच्या स्पर्धेतून एखाद्या संस्थेला केवळ ती धार्मिक आहे म्हणून वगळावे, असा त्या मनाईचा अर्थ होत नाही. १२ डिसेंबर २००२ च्या अध्यक्षीय आदेशाने, क्रमांक १३२७९, हेच तत्त्व संघराज्याच्या सामाजिक सेवांना लागू केले आणि धार्मिक संस्थांना इतरांच्या बरोबरीने अर्ज करता यावा, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी २७ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्लीव्हलंड शहरातील शिष्यवृत्ती योजनेच्या खटल्यात असा निर्णय दिला की, सरकारी मदत पालकांच्या खऱ्याखुऱ्या स्वतंत्र निवडीतून धार्मिक शाळेपर्यंत पोहोचत असेल, तर घटनेचा भंग होत नाही. या निर्णयाने धर्मसंस्थांची बाजू बळकट झाली. तथापि, शिकवणीच्या कायद्याने स्वतःची एक वेगळी आणि अधिक कडक अट घातली होती, तिचा विचार पुढे येतो.

गैरसमज २ : मान्यता हवी असेल तर धर्मसंस्थेने भिंतीवरील चिन्हे उतरवली पाहिजेत, नाव बदलले पाहिजे किंवा आपली ओळख लपवली पाहिजे.

वस्तुस्थिती : तशी कोणतीही अट नव्हती. संस्था स्वतःचे नाव, नियामक मंडळ, ध्येयनिवेदन आणि वास्तूतील धार्मिक चिन्हे कायम ठेवून, स्वतःच्याच जागेत शिकवणी घेऊ शकत होती. चर्चच्या तळघरातील सभागृहात भिंतीवर क्रूस आहे, त्याखाली फळा आहे आणि दुपारी चार ते साडेपाच या वेळेत पाचवीतील मुलांना अर्धा व एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश नव्हे, तर पाच षष्ठांश का होते, हे कागदाच्या पट्ट्या दुमडून शिकवले जात आहे, असे चित्र नियमात पूर्णपणे बसणारे होते. नोकरभरतीतही, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने धार्मिक संस्थांना आपल्या धर्माचे कर्मचारी पसंत करण्याची जी सवलत दिली आहे, ती सरकारी पैसा स्वीकारल्याने आपोआप संपुष्टात येत नव्हती.

गैरसमज ३ : एकदा मान्यता मिळाली की गणिताबरोबर थोडी प्रार्थना, थोडे धर्मशिक्षण चालून जाते.

वस्तुस्थिती : या बाबतीत कायदा निःसंदिग्ध होता. शिकवणीचा आशय धर्मनिरपेक्ष, तटस्थ आणि कोणत्याही विचारप्रणालीच्या प्रचारापासून मुक्त असला पाहिजे, ही मान्यतेचीच अट होती. संस्थेचे धार्मिक उपक्रम थांबवण्याची गरज नव्हती. परंतु ते शिकवणीपासून वेळेने किंवा जागेने वेगळे असावेत, त्यांवर शिकवणीचा पैसा खर्च होऊ नये आणि त्यांतील सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असावा, असे बंधन होते. वरील उदाहरणातील सभागृहात सहा वाजता बायबलवर्ग भरत असेल, तर तो भरू शकत होता. मात्र साडेपाचला शिकवणी संपल्याचे स्पष्ट असले पाहिजे, घरी निघालेल्या मुलाला कोणी थांबवता कामा नये आणि न थांबणाऱ्या मुलाच्या शिकवणीवर त्याचा परिणाम होता कामा नये. भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार, राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. अमेरिकेतील शिकवणीचा नियम याही पुढे जाणारा होता, कारण सरकारी पैशाच्या तासात पालकांच्या संमतीनेही प्रार्थना घेता येत नव्हती. तसेच विद्यार्थ्यांना प्रवेश देताना त्यांच्या धर्माचा विचार करण्यास मनाई होती. नोकरभरतीतील सवलत मुलांच्या प्रवेशाला लागू नव्हती.

गैरसमज ४ : वस्तीत नाव चांगले असले आणि मुख्याध्यापकांशी ओळख असली की मान्यता मिळते.

वस्तुस्थिती : मान्यता शाळा देत नसे, स्थानिक शाळा मंडळही देत नसे, ती राज्याचा शिक्षण विभाग देत असे. या विभागाने वर्षातून किमान एकदा अर्जाची संधी जाहीर करणे, समान निकषांवर अर्ज तपासणे आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी अद्ययावत ठेवणे अपेक्षित होते. निकषांचा गाभा असा होता : शिकवणीमुळे मुलांची प्रगती झाल्याचा पुरावा, संशोधनावर आधारलेली आणि राज्याच्या अभ्यासक्रमाशी जुळणारी अध्यापनपद्धती, संस्थेची आर्थिक सुस्थिती, आणि आरोग्य, सुरक्षितता व नागरी हक्क यांविषयीच्या कायद्यांचे पालन. बहुतेक लहान लोकसंस्थांची अडचण पहिल्या निकषाशी येत असे. एखादी संस्था कित्येक वर्षे मुलांचा गृहपाठ मनापासून घेत असते. पण मूल आले तेव्हा त्याची पातळी काय होती आणि काही महिन्यांनी काय झाली, याची नोंद तिच्याकडे नसते. सद्भाव कितीही खरा असला तरी तो तपासता येत नाही. आरंभीची चाचणी, मधली चाचणी आणि हजेरीपट मात्र तपासता येतात. शिवाय मान्यता कायमची नसे. सलग दोन वर्षे मुलांच्या प्रगतीला हातभार लावण्यात अपयशी ठरलेल्या संस्थेचे नाव यादीतून काढणे हे राज्याचे कर्तव्य होते.

गैरसमज ५ : शिकवणारे सर्वजण परवानाधारक शिक्षकच असले पाहिजेत, त्यामुळे स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थांना वाव नाही.

वस्तुस्थिती : टायटल वन शाळांतील शिक्षकांना लागू असलेली ‘उच्च पात्रताधारक’ ही अट शिकवणी देणाऱ्या संस्थांच्या शिक्षकांना लागू नव्हती. महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि प्रशिक्षित स्वयंसेवक यांना शिकवता येत होते. मात्र ही सवलत गुणवत्तेतून सूट देणारी नव्हती, कारण शिकवणाऱ्यांना प्रशिक्षण कसे दिले जाते आणि त्यांच्या कामाची पाहणी कोण करते, हे संस्थेलाच सांगावे लागे. विषयाचे बंधनही लक्षात घेण्याजोगे आहे. शिकवणीचा उद्देश वाचन, भाषाकौशल्य आणि गणित यांतील राज्याच्या अपेक्षा पूर्ण करणे हा होता. त्यामुळे उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांसारखे मातृभाषेचे वर्ग मोलाचे असले तरी ते या योजनेच्या व्याख्येत बसणारे नव्हते. तेच मंडळ किंवा तेच मंदिर गणिताची शिकवणी सिद्ध करून दाखवू शकले असते, तर त्याला अर्जाचा अधिकार इतरांइतकाच होता.

गैरसमज ६ : मान्यता मिळणे म्हणजे अनुदान मिळणे.

वस्तुस्थिती : मान्यता म्हणजे केवळ यादीत नाव. यादीतून संस्था निवडण्याचा अधिकार पालकांचा होता आणि एकाही पालकाने निवडले नाही, तर मान्यताप्राप्त संस्थेला एक डॉलरही मिळत नसे. पालकाने निवड केल्यावर शाळा मंडळ, संस्था आणि पालक यांच्या विचारविनिमयातून त्या मुलापुरता करार होत असे. त्यात उद्दिष्टे, कालावधी, प्रगती मोजण्याची रीत आणि पालकांना माहिती देण्याची पद्धत नमूद केलेली असे. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलाची ओळख उघड करण्यास बंदी होती. शाळा मंडळाला आपल्या टायटल वन अनुदानाच्या २० टक्क्यांइतक्या रकमेपर्यंतचा खर्च शिकवणी आणि शाळाबदलासाठीचा प्रवास या दोन्हींवर मिळून करावा लागे आणि दर मुलामागे कमाल रक्कम ठरलेली असे. समजा, ही मर्यादा १,५०० डॉलर आहे आणि संस्थेचा दर तासाला ५० डॉलर आहे, तर त्या मुलासाठी जास्तीत जास्त ३० तास होतात. पण करारात हजेरीप्रमाणे पैसे देण्याचे ठरले असेल आणि मूल २२ तासच आले असेल, तर संस्थेच्या हाती १,१०० डॉलर पडतात. शिक्षकाचे मानधन आणि जागेची वीज यांचा खर्च मात्र अनुपस्थितीच्या दिवशीही थांबत नाही. काँग्रेससाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या यंत्रणेच्या २००६ च्या अहवालानुसार, २००४-०५ या शैक्षणिक वर्षात पात्र मुलांपैकी सुमारे १९ टक्के मुलांनीच ही सेवा घेतली. हे लक्षात घेता, आगाऊ भांडवल नसलेल्या लहान संस्थेने मोठ्या मान्यताप्राप्त संस्थेला जागा व स्वयंसेवक पुरवून आरंभ करणे हा अनेकदा अधिक शहाणपणाचा मार्ग होता.

गैरसमज ७ : ही योजना आजही तशीच चालू आहे, किंवा ती बंद झाल्यामुळे लोकसंस्थांना आता काहीच मार्ग उरलेला नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही समज चुकीचे आहेत. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी १० डिसेंबर २०१५ रोजी स्वाक्षरी केलेल्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्याने पूरक शैक्षणिक सेवांची सक्ती रद्द केली. परंतु त्याच कायद्याने राज्यांना टायटल वन निधीतील ३ टक्क्यांपर्यंत रक्कम विद्यार्थ्यांसाठीच्या थेट सेवांकरिता राखून ठेवण्याची मुभा दिली आणि त्यातून शिकवणी द्यायची असल्यास मान्यताप्राप्त संस्थांची यादी ठेवण्याची तरतूद केली. याशिवाय ‘एकविसाव्या शतकातील सामुदायिक अध्ययन केंद्रे’ या कार्यक्रमातून शाळेनंतरच्या वर्गांसाठी राज्ये स्पर्धात्मक अनुदान देतात आणि त्यासाठी लोकसंस्था व धर्मसंस्था पात्र आहेत. तेथे पैसा मुलामागे नव्हे, तर प्रकल्पाला मिळतो. त्यामुळे अर्जाची मांडणी वेगळी असते. मात्र पुराव्याची अपेक्षा आणि धार्मिक उपक्रम वेगळे ठेवण्याची शिस्त तेथेही सुटत नाही.

या सर्व वस्तुस्थितीचा निष्कर्ष स्पष्ट आहे. कायद्याने आखलेली रेषा देवळाच्या किंवा चर्चच्या उंबरठ्यावर नव्हती. ती घड्याळातील तासावर, हिशेबाच्या वहीवर आणि मुलाच्या स्वेच्छेवर होती. म्हणून ज्या संस्थेला वस्तीतील मुलांना शिकवायचे आहे, तिने मान्यतेचा अर्ज भरण्याच्या किमान एक वर्ष आधी तीन गोष्टी सुरू कराव्यात : प्रत्येक मुलाची आरंभीची चाचणी, रोजची हजेरी आणि शिकवणीच्या खर्चाचा स्वतंत्र हिशेब. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज सप्टेंबरमध्ये दोन पंचमांश लिहिणाऱ्या मुलाने मे महिन्यात पाच षष्ठांश लिहिले आणि दोन्ही कागद जपून ठेवलेले असले, तर मान्यतेच्या अर्जातील सर्वांत महत्त्वाचे पान तयार झालेले असते.